चौथ्या औषधाआधी मागच्या तीन औषधांचा हिशेब

वाचकाचे पत्र, थोडक्यात: पत्रलेखिका 41 वर्षांच्या असून वर्षभर नैराश्यावर उपचार घेत आहेत. पहिले औषध सर्ट्रालिन त्यांनी मळमळीमुळे अठराव्या दिवशी स्वतःच बंद केले. दुसरे, एस्सिटालोप्राम 10 मिलिग्रॅम, पाच महिने घेतले. त्याने रडणे थांबले आणि कामावर परतता आले, पण ‘आतून सगळे सपाट झाले’. मुलीला नाटकात टाळ्या मिळाल्या तेव्हाही काहीच वाटले नाही आणि शरीरसंबंधांची इच्छा पूर्णपणे गेली. डॉक्टरांना मात्र त्यांनी ‘बरे वाटत नाही’ एवढेच सांगितले. सध्या दहा आठवड्यांपासून व्हेन्लाफॅक्सिन 75 मिलिग्रॅम सुरू आहे. झोप आणि भूक नाही, वजन सहा किलोंनी घटले आहे. मध्यंतरी दोन दिवस गोळी चुकली तेव्हा डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखे झाले आणि चक्कर आली. गोळी घेताच दुसऱ्या दिवशी सारे थांबले. आता डॉक्टर व्हेन्लाफॅक्सिन कमी करत मिर्टाझापिन सुरू करू म्हणतात. लेखिका विचारतात, ‘तीन औषधे झाली, एकाचाही गुण आला नाही. माझे नैराश्य औषधांना दाद देत नाही, उलट मला गोळीचे व्यसन लागले आहे. माझ्यावर प्रयोग चालले आहेत असे वाटते. दोन महिने सगळे बंद करून शरीर स्वच्छ होऊ द्यावे का? कधी कधी वाटते, सकाळी जागच येऊ नये.’

तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण ते तुम्ही जाता जाता लिहिले असले तरी मला ते सगळ्यांत महत्त्वाचे वाटले. ‘सकाळी जागच येऊ नये’ हा विचार नैराश्यात पुष्कळांना येतो आणि तो आला म्हणून तुम्ही वाईट किंवा दुबळ्या ठरत नाही. पण तो डॉक्टरांना याच शब्दांत सांगायला हवा. पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट न पाहता, हे वाचून झाल्यावर लगेच फोन करा. त्या विचाराला एखादी पद्धत, जागा किंवा वेळ चिकटू लागली असेल, तर एकट्या राहू नका. घरातल्या एका माणसाला सांगा, घरातला गोळ्यांचा साठा त्याच्या ताब्यात द्या आणि त्याच दिवशी तातडीची वैद्यकीय मदत घ्या. बाकीचा सगळा विचार त्यानंतरचा.

आता तुमच्या मूळ विधानाकडे वळू. तीन औषधे झाली आणि एकाचाही गुण आला नाही, असे तुम्ही लिहिता. मी तुमचे पत्र दोनदा वाचले, आणि मला त्यात हे दिसले नाही. सर्ट्रालिनला तुम्ही अठरा दिवस दिले. नैराश्यावरच्या औषधाने काम केले की नाही हे ठरवायला योग्य मात्रेवर साधारण चार ते सहा, कधी आठ आठवडे लागतात. मळमळ मात्र पहिल्याच आठवड्यात येते आणि बहुतेकांची दोन आठवड्यांत ओसरते. म्हणजे तुम्हाला त्या औषधाचा त्रास तेवढा भेटला, गुण येण्याची वेळ यायच्या आत ते बंद झाले. अठराव्या दिवशी ते थांबवले यात तुमची चूक काढण्याचा माझा हेतू नाही, कारण हा हिशेब तुम्हाला कोणी आधी सांगितलेला दिसत नाही. पण सर्ट्रालिन ‘लागू पडले नाही’ असे म्हणता येणार नाही. ते अजून आजमावलेच गेलेले नाही.

एस्सिटालोप्रामने तर काम केले होते. ज्या बाईला दिवसातून चार वेळा रडू येत होते तिचे रडणे थांबते आणि ती कामावर परतते, हा गुणच आहे. तो अर्धवट होता आणि त्याची किंमत तुम्हाला जड गेली. टाळ्या वाजत असताना आपले मन कोरडे राहिल्याचे पाहणे किती दुखावणारे असते, हे तुमच्या त्या एका ओळीवरून कळते. भावनांची ही बधिरता आणि कामेच्छा जाणे हे दोन्ही सर्ट्रालिन-एस्सिटालोप्रामच्या गटातल्या औषधांचे सर्वपरिचित दुष्परिणाम आहेत आणि दोन्हींवर करण्यासारखे बरेच असते: मात्रा थोडी कमी करून पाहता येते, जोडीला दुसरे औषध देता येते किंवा ज्यांच्यात हा त्रास कमी आढळतो अशा बुप्रोपिऑन, मिर्टाझापिन यांसारख्या औषधांकडे वळता येते. मात्र त्यासाठी डॉक्टरांना हे माहीत असावे लागते. तुम्ही ‘बरे वाटत नाही’ एवढेच म्हणालात आणि त्या तीन शब्दांवर औषध बदलले गेले. संकोच मी समजू शकते. शरीरसंबंधांविषयी बोलणे अनेकांना आजाराविषयी बोलण्याहून अवघड जाते. तोंडाने सांगवत नसेल तर कागदावर लिहून पुढे सरकवा, ते चालते.

व्हेन्लाफॅक्सिनचे दहा आठवडे पुरेसे आहेत, पण 75 मिलिग्रॅम ही त्याची सुरुवातीची मात्रा आहे. कमी मात्रेवर हे औषध प्रामुख्याने सेरोटोनिन या मेंदूतल्या निरोप पोचवणाऱ्या रसायनावर काम करते आणि नॉरएपिनेफ्रिन या तशाच दुसऱ्या रसायनावरचा त्याचा परिणाम मात्रा वाढल्यावर ठळक होतो, म्हणून हे औषध निकामी ठरवण्यापूर्वी मात्रा वाढवून पाहावी का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. उत्तर ‘नको’ असेही असू शकते. मात्रेबरोबर रक्तदाब वाढू शकतो, आणि निद्रानाश व भूक मंदावणे हे या औषधाचे दुष्परिणामही आहेत, त्यामुळे तुमची झोप आणि वजन आजाराने किती हिरावले आणि गोळीने किती, हे तपासावे लागेल. गोळी तुम्ही संध्याकाळी घेत असाल, तर ती सकाळी घेऊन पाहण्याचा साधा बदलही डॉक्टरांना विचारा.

तर हिशेब असा: एक औषध अपुरे घेतले, एक अर्धे लागू पडले, एक सुरुवातीच्या मात्रेवर अडकले. पुरेशा मात्रेत आणि पुरेसा काळ घेतलेल्या किमान दोन औषधांनी गुण आला नाही, तर ‘औषधांना दाद न देणारे नैराश्य’ असे साधारणपणे म्हटले जाते. तुम्ही तो शिक्का स्वतःवर मारून घेतला आहे, पण तुम्ही अजून तिथे पोहोचलेल्या नाही.

‘माझ्यावर प्रयोग चालले आहेत’ या तक्रारीत मात्र तथ्य आहे, आणि ते नाकारणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. कोणत्या माणसाला कोणते औषध लागू पडेल हे आधीच सांगू शकणारी भरवशाची चाचणी आज नाही. काही ठिकाणी जनुकांची चाचणी केली जाते. ती यकृत औषध किती वेगाने पचवते याचा अंदाज देते, मन कशाने सावरेल याचे उत्तर तिच्यात नसते. अमेरिकेत सुमारे 4,000 रुग्णांवर झालेल्या आणि 2006 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या ‘स्टार-डी’ या मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधाने सुमारे एक तृतीयांश रुग्णांची लक्षणे जवळजवळ पूर्ण गेली. ज्यांची गेली नाहीत आणि ज्यांनी औषध बदलले, त्यांच्यापैकी दुसऱ्या औषधाने साधारण चारांपैकी एक सावरला. आणि सर्ट्रालिन, बुप्रोपिऑन व व्हेन्लाफॅक्सिन ही वेगवेगळ्या तऱ्हेने काम करणारी तीन औषधे तिथे जवळपास सारखीच ठरली. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर यशाचे प्रमाण बरेच उतरले. चारही पायऱ्या मिळून 67 टक्के रुग्ण सावरल्याचा मूळ अंदाज होता. 2023 मध्ये त्याच माहितीची फेरतपासणी करणाऱ्यांनी तो सुमारे 35 टक्क्यांवर आणला. हे आकडे मी तुम्हाला घाबरवण्यासाठी सांगत नाही. दुसऱ्या औषधाची पाळी येणे हा अपवाद नसून बहुतेकांचा अनुभव आहे, हे त्यांतून दिसते. आणि दोन औषधे नीट घेऊनही उतार पडला नाही तर केवळ गोळीमागून गोळी बदलत न राहता उपचारांची व्याप्ती वाढवावी, हेही दिसते.

तरीही डॉक्टरांची निवड म्हणजे अंधारात मारलेला दगड नव्हे. तुमची झोप उडाली आहे, भूक मेली आहे, वजन घटले आहे आणि आधीच्या औषधाने कामेच्छा गेली होती. मिर्टाझापिन झोप आणते, भूक वाढवते आणि त्यात कामेच्छेवरचा परिणाम तुलनेने कमी आढळतो. ज्या दुष्परिणामांमुळे हे औषध दुसऱ्या एखाद्याला नको होईल, तेच तुमच्या सध्याच्या अवस्थेत उपयोगी पडू शकतात. सहा किलो भरून आल्यावर वजन तिथेच थांबेल का, ही तुमची काळजी रास्त आहे. म्हणून सुरू करतानाच वजन करून ठेवा आणि किती वाढल्यावर फेरविचार करायचा, तो आकडा डॉक्टरांशी बोलून आजच ठरवा.

तुमच्या चुलत बहिणीला एस्सिटालोप्रामने पंधरा दिवसांत बरे वाटले, असेही तुम्ही लिहिले आहे. रक्ताच्या नात्यातल्या माणसाला एखादे औषध मानवले असेल तर तो एक धागा म्हणून डॉक्टरांना जरूर सांगावा, पण तो धागाच आहे. तिचा वेग तुमच्यासाठी मापदंड होऊ शकत नाही.

आता व्यसनाविषयी. दोन दिवस गोळी राहिल्यावर जे झटके बसले, त्याने तुम्ही हादरलात, आणि कोणीही हादरले असते. व्यसनात माणसाला त्या पदार्थाची ओढ लागते, तेवढ्याच परिणामासाठी मात्रा चढवत न्यावी लागते आणि बाकीचे आयुष्य त्याभोवती फिरू लागते. यातले काहीच तुमच्या बाबतीत घडलेले नाही. शरीर औषधाला सरावते आणि ते अचानक काढले की डगमगते, याला औषध खंडित होण्याची लक्षणे म्हणतात. व्हेन्लाफॅक्सिनचे रक्तातले प्रमाण सुमारे पाच तासांत निम्मे होते, आणि त्यापासून शरीरात तयार होणारा सक्रिय घटक सुमारे अकरा तासांत. म्हणून या औषधात आणि पॅरोक्सेटिन या नैराश्यावरच्याच औषधात हा त्रास अधिक दिसतो. याउलट फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचे औषध नियमित घेणाऱ्याच्या शरीरात ते निम्मे व्हायला चार ते सहा दिवस लागतात, त्यामुळे त्याचा एखादा डोस चुकला तरी सहसा कळतही नाही. हा फरक औषधाच्या स्वभावाचा आहे, तुमच्या मनोधैर्याचा नाही.

याच कारणाने ‘दोन महिने सगळे बंद करून शरीर स्वच्छ होऊ द्यावे’ हा बेत मला धोक्याचा वाटतो. औषधे शरीरात गाळासारखी साचून राहत नाहीत. व्हेन्लाफॅक्सिन काही दिवसांतच निघून जाते. त्या दोन महिन्यांत आधी झटके, चक्कर, चिडचिड आणि विचित्र स्वप्ने यांचा सामना करावा लागेल, आणि नंतर जे खाली जाणे सुरू होईल ते औषध सुटल्याचे की आजार परतल्याचे, हे तुम्हाला आणि डॉक्टरांनाही ओळखणे कठीण जाईल. साधारण खूण अशी, की औषध सुटल्याचा त्रास एक-दोन दिवसांत सुरू होतो, त्यात आजारात कधीच नव्हती अशी लक्षणे असतात आणि गोळी परत घेतली की तो झपाट्याने शमतो, जसा तुमचा शमला. आजार मात्र आठवड्या-आठवड्याने, जुन्याच वाटेने परततो. काही जणांत औषध सुटल्याचा त्रास कित्येक आठवडे किंवा महिने रेंगाळतो, म्हणून ही खूण दर वेळी पुरी पडत नाही. तुम्हाला पुढे केव्हा तरी औषधाविना जगायचे असेल तर ती इच्छा योग्यच आहे. पण त्याची वेळ बरे वाटू लागल्यानंतर साधारण सहा ते नऊ महिन्यांनी, आणि पूर्वीही असे आजारपण येऊन गेले असेल तर त्याहून उशिरा येते.

औषध बदलण्याच्या रीती साधारण तीन आहेत. कधी आज जुने थांबवून उद्या नवे सुरू करतात, विशेषतः दोन्ही एकाच गटातली असतील तेव्हा. कधी जुने उतरवत असतानाच नवे चढवतात. तुमच्या डॉक्टरांनी सुचवलेली रीत हीच आहे आणि व्हेन्लाफॅक्सिनसाठी ती विचारपूर्वक सुचवलेली दिसते. तिसऱ्या रीतीत मध्ये मोकळा काळ ठेवावा लागतो. मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर रोखणाऱ्या, नैराश्यावरच्या औषधांच्या जुन्या गटाकडे जाताना बहुतेक औषधांनंतर तो साधारण दोन आठवड्यांचा आणि फ्लुओक्सेटिननंतर पाच आठवड्यांचा असतो, आणि त्यात तडजोड चालत नाही. इतर वाचकांनी आपल्या बदलाची तुलना शेजाऱ्याच्या बदलाशी करू नये, ती यासाठी.

उतरताना पहिल्या पायऱ्या मोठ्या चालतात, शेवटच्या मात्र लहान लागतात, ही गोष्ट फार थोड्यांना सांगितली जाते. मात्रा आणि मेंदूवरचा परिणाम यांचे नाते सरळ रेषेचे नाही. अगदी छोट्या मात्रेचाही मेंदूवर बराच प्रभाव असतो, म्हणून 75 वरून 37.5 वर येणे सोपे जाते आणि शेवटच्या तुकड्यावरून शून्यावर येताना पाय घसरतो. शेवटचा टप्पा जास्त आठवड्यांत विभागता येईल का, हे आधीच विचारून ठेवा. व्हेन्लाफॅक्सिनची हळूहळू विरघळणारी कॅप्सूल चावू किंवा कुटू नका.

दोन औषधे एकत्र चालू असतील त्या काळात अस्वस्थ तळमळ, थरथर, स्नायू उडणे, भरपूर घाम, जुलाब, ताप यांतली लक्षणे एकदम दिसू लागली, तर सेरोटोनिनचा परिणाम धोकादायक पातळीवर गेल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी उद्याची वाट पाहू नये. ट्रामाडॉल हे वेदनाशामक, डेक्स्ट्रोमेथॉर्फान असलेली खोकल्याची औषधे आणि ‘नैसर्गिक’ म्हणून विकले जाणारे सेंट जॉन्स वर्ट यांमुळे हा धोका वाढतो. तुम्ही जे जे घेता ते डॉक्टरांना सांगा, निरुपद्रवी वाटते म्हणून काही वगळू नका. आणि हेही लक्षात ठेवा, की मात्रा बदलल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत एका जागी बसवत नाही अशी तगमग किंवा जगणे नकोसे होण्याचे विचार वाढू शकतात. पंचविशीच्या आतल्या वाचकांनी आणि त्यांच्या घरच्यांनी यावर अधिक बारीक लक्ष ठेवावे.

तुम्ही विचारले आहे, ‘सेरोटोनिन कमी आहे, तर ते वाढवणाऱ्या गोळ्या का लागू पडत नाहीत?’ नैराश्य म्हणजे सेरोटोनिनची टाकी रिकामी होणे, हे चित्र फार सोपे करून सांगितले गेले आहे. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आढाव्यात त्याला सातत्यपूर्ण पुरावा आढळला नाही. गोळीचा सेरोटोनिनवरचा परिणाम काही तासांतच सुरू होतो, तरी मन सावरायला आठवडे लागतात, हेच पाहा. ही औषधे पुष्कळांना उपयोगी पडतात, पण ती कशी उपयोगी पडतात याचे पूर्ण चित्र अजून स्पष्ट नाही. त्यांचा शोधही निरीक्षणातून लागला. आयप्रोनियाझिड हे क्षयासाठी तयार केलेले औषध होते आणि ते घेणाऱ्या रुग्णांची मनःस्थिती सुधारल्याचे 1950 च्या दशकात लक्षात आले. इमिप्रामिन स्किझोफ्रेनियासाठी तपासले जात होते, स्वित्झर्लंडमधील डॉ. रोलँड कून यांना ते नैराश्यात गुणकारी असल्याचे दिसले आणि त्यांनी ते 1957 मध्ये प्रसिद्ध केले. रुग्णात काय बदलते आहे हे कोणी तरी बारकाईने पाहत होते म्हणून ही औषधे सापडली, आणि तुमच्यासाठीचे औषधही तसेच सापडायचे आहे. पाहणाऱ्यांत तुम्ही स्वतः असायला हव्यात.

त्यासाठी एक वही घाला. दर आठवड्याला ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, नऊ प्रश्नांची ‘पीएचक्यू-9’ ही प्रश्नावली भरा. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण 27. बेरीज निम्म्यावर आली तर औषध काम करते आहे असे समजतात, आणि पाचाच्या खाली गेली तर आजार जवळजवळ शमला असे. नवव्या प्रश्नात मरणाच्या विचारांविषयी विचारलेले असते. तिथे शून्याहून अधिक काही लिहावे लागले तर ते पान डॉक्टरांना लगेच दाखवा. आकड्याखाली दोन ओळी लिहा, त्याही घडलेल्या गोष्टींच्या: फोन वाजल्यावर उचलला, सलग चार पाने वाचली, मुलगी काही सांगत होती तेव्हा हसू आले. नैराश्यात मागचा महिना आठवला की तो सगळाच काळा दिसतो. एस्सिटालोप्रामचे पाच महिने तुम्हाला आज ‘गुण नाही’ असे आठवतात ते त्यामुळेच. सुधारणा अनेकदा आधी घरच्यांना दिसते, म्हणून तिसरी ओळ नवऱ्याला किंवा बहिणीला लिहू द्या.

पुढच्या भेटीत आणखी दोन विषय काढा. एक, निदानाची फेरतपासणी: थायरॉइड, रक्तक्षय आणि ब-12 जीवनसत्त्व तपासले आहे का, मद्य किंवा इतर आजारांसाठीची औषधे आड येत आहेत का, झोपेत श्वास अडखळतो का. आणि आयुष्यात कधी काही दिवस झोपेची गरज न भासता विलक्षण उत्साह, वेगवान बोलणे आणि भरमसाट बेत असे झाले होते का. असल्यास तेही सांगा, कारण द्विध्रुवी विकारातल्या नैराश्याला उपचार वेगळे लागतात. दुसरा विषय मानसोपचाराचा. वर्षभरात तुमच्यासाठी कोणी गोळीव्यतिरिक्त काही केल्याचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही, याचे मला वाईट वाटले. विचार आणि वर्तन यांवर काम करणारे संवादोपचार औषधांच्या जोडीने घेतले, तर नुसत्या औषधापेक्षा अधिक फायदा होण्याची शक्यता असते. त्यापुढेही लिथियम किंवा अ‍ॅरिपिप्रॅझोलसारख्या औषधांची जोड, एस्केटामिन, विद्युत उपचार असे मार्ग आहेत, पण आज तुम्हाला त्यांची चर्चा करण्याची गरज मला दिसत नाही.

मला विचाराल, तर डॉक्टरांनी सुचवलेला बदल सयुक्तिक आहे आणि सगळे बंद करण्याच्या बेतापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. पण होकार देण्याआधी त्यांना विचारा: व्हेन्लाफॅक्सिनची मात्रा वाढवण्याऐवजी बदल का? काही वेळा ही दोन औषधे मुद्दाम एकत्रही देतात, तर इथे जुने पूर्ण काढायचे की ठेवायचे? कोणत्या तारखेला कोणती गोळी किती, हे लिहून मिळेल का? आणि नव्या औषधाला किती आठवडे द्यायचे, म्हणजे त्या दिवशी आपण वही उघडून निर्णय घेऊ?

वहीचे पहिले पान मात्र मागच्या तिघांसाठी ठेवा. औषधाचे नाव, मात्रा, किती दिवस, काय सुधारले, काय बिघडले, का थांबवले. एस्सिटालोप्रामसमोर ‘रडणे थांबले, कामावर गेले’ हे आधी लिहा, आणि त्याखाली नाटकाच्या दिवसाबद्दल.